धुळ्याच्या आग्रा रोडवरचे चाचा आणि आमच्या अॅम्बॅसिडरचे आठ व्हॉल्व्ह

जुन्या पेट्रोल अॅम्बॅसिडरचं हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवायची वेळ आली असेल आणि तुम्ही खान्देशात कुठेही राहत असाल, तर गाडी ट्रकवर चढवून पुण्या-मुंबईला धाडण्याआधी एकदा धुळ्याला जाऊन या. आग्रा रोडला लागून, ट्रकच्या कमानपाटेवाल्यांच्या मागे एक पत्र्याची शेड आहे. तिच्यावर पाटी नाही. "चाचांचं गॅरेज कुठे?" असं कोणत्याही टायरवाल्याला विचारलं की तो हात करून दाखवतो. नाव आणि फोन नंबर मी इथे देत नाही, कारण चाचांनीच तसं बजावलंय. ते एका वेळी दोनच गाड्या हातात घेतात. गर्दी झाली की कामात घाई शिरते, असं त्यांचं म्हणणं.

मी अमळनेरला शाळेत गणित-विज्ञान शिकवते. गाडी माझ्या सासऱ्यांची, नानांची. १९७२ ची मार्क टू. नाना कापसाच्या व्यापारात होते आणि हंगामात याच गाडीने चोपडा, शिरपूर, दोंडाईचा पालथं घालायचे. आता ती रोजच्या वापरात नाही. पण सणावाराला, लग्नकार्याला आणि नानांना वाटेल तेव्हा निघते. नानांची नजर अधू झाल्यापासून चालवते मी.

इंजिन ते प्रसिद्ध १४८९ सीसीचं, ब्रिटनच्या बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं. उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डवरून अॅम्बॅसिडर घडवली आणि हे इंजिन कित्येक वर्षं तिच्यात चालवलं. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तिच्यावर टॅपेट, टॅपेटवर उभा पुश रॉड, वर हेडवर रॉकर, आणि रॉकरची दुसरी बाजू व्हॉल्व्ह दाबते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. एवढी उघडझाप होणाऱ्या जागेत रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये जी बारीक फट ठेवावी लागते, तिच्यावर अख्ख्या गाडीचा दम अवलंबून असतो. त्या फटीमुळेच टॅपेटची टिकटिक ऐकू येते.

आणि या टिकटिकीपायीच आमचं नुकसान झालं होतं. आवाज थोडा वाढला म्हणून गाडी आधी दुसऱ्या एका गॅरेजात दिली होती. तिथे थंड इंजिनवर, फीलर गेज (फट मोजायची पाती) न लावता, हाताच्या अंदाजाने टॅपेट कसून टाकले. गाडी एकदम शांत झाली. पुढे काही महिन्यांनी आयडलवर ती एका ठरावीक लयीत झटका द्यायला लागली, सायलेन्सरमधून मधूनच फस्स आवाज येऊ लागला आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ओढेना. शिवाय मालेगावहून येताना लळिंगचा घाट उतरून खाली पुन्हा अॅक्सिलरेटर दिला की मागे निळसर धूर. त्याच गॅरेजवाल्यांनी प्लग बदलले, पॉइंट बदलले, कार्बोरेटर धुतला आणि शेवटी "इंजिन गेलं, डिझेल बसवून टाका" असा सल्ला दिला. नाना दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

चाचांकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. मग गाडी बंद करायला लावली, प्लग काढले आणि कॉम्प्रेशन गेज लावलं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरला १२० पौंडांच्या आसपास, तिसऱ्याला जेमतेम ७०. एवढ्यावर बरेच मिस्त्री "हेड खोला" म्हणतील. चाचांनी तिसऱ्या प्लगच्या भोकातून थोडं ऑईल सोडलं आणि पुन्हा मोजलं. आकडा हलला नाही. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असत्या तर ऑईलने फट बुजून आकडा चढला असता. तो चढला नाही म्हणजे हवा वरून, व्हॉल्व्हमधून निसटते आहे.

कोणता व्हॉल्व्ह, तेही त्यांनी हेड न उघडता दाखवलं. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारा इनलेट आणि जळलेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट) मिटलेले, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. कार्बोरेटरमध्ये हवेचा आवाज आला तर इनलेट, ऑईल भरायच्या तोंडात आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. "नाना, आठे (इथे) या, कान लावा," म्हणत त्यांनी नानांना सायलेन्सरपाशी नेलं. नाना गुडघ्यावर हात ठेवून वाकले. आतून स्पष्ट हिस्स आवाज येत होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला. मग रॉकर कव्हर काढून त्यांनी त्या व्हॉल्व्हची फट बघितली. या इंजिनाला गरम असताना १५ थाऊ, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर फट लागते. तिथे ५ थाऊची पातीही शिरेना.

माझ्यासारख्या शिकवणाऱ्या बाईला इथेच हे गॅरेज आवडलं. प्रत्येक गोष्ट आधी मोजली, आम्हाला दाखवली, मग पाना हातात घेतला. आवाज का हवा, हेही त्यांनी एका वाक्यात सांगितलं: "जवलोंग टिकटिक आयकू येस, तवलोंग व्हॉल्व्ह बठस." फट शिल्लक आहे म्हणून आवाज आहे, आणि फट आहे म्हणून व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण टेकतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावरून पेटलेला वायू जातो. व्हॉल्व्ह मिटलेला असतो तेवढ्या वेळात ती उष्णता सीटमधून हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, उष्णतेला वाट मिळत नाही, आणि केसाएवढ्या सांदीतून जाळ निसटत राहून कडेला चर पडतो. टॅपेट सैल असेल तर आवाज होतो, थोडी ताकद जाते, भाग झिजतात. पण गाडी घरी पोचते. घट्ट टॅपेट मात्र मुकाट्याने व्हॉल्व्ह खातो.

तिसऱ्याचाच का जळाला, यालाही कारण निघालं. या हेडला एक्झॉस्टची तोंडं तीनच आहेत. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र, दुसऱ्या-तिसऱ्याला मिळून मधलं एक. त्यामुळे मधले दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह शेजारी-शेजारी आणि सगळ्यात जास्त तापलेले. आमच्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा रेडिएटर अर्धवट तुंबलेला असेल तर पहिला बळी तिथेच जाणार. चाचांनी रेडिएटरही काढून धुवायला लावला, आणि ते बरोबरच केलं.

आता उघडण्याचं काम. बी-सिरीजमध्ये एक मेख आहे. रॉकर शाफ्टच्या ठोकळ्यांचे काही नट हेच हेडचेही नट असतात. नुसता रॉकर काढायचा म्हणून तेवढेच नट सोडले तर हेड एका बाजूने उचललं जातं, वाकतं, आणि पाणी सिलिंडरमध्ये, ऑईलमध्ये उतरतं. म्हणून आधी पाणी काढून टाकायचं, मग हेडचे सगळे नट क्रमाने थोडे-थोडे सैल करायचे. चाचांनी अगदी तसंच केलं, तेही रात्रभर इंजिन थंड होऊ देऊन. त्यांचा चेला घाईने लांब पाना घेऊन आला तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला आणि कुठल्या नटापासून सुरुवात, ते त्यालाच म्हणून दाखवायला लावलं.

पुश रॉड काढण्याआधी मिठाईच्या खोक्याच्या झाकणाला खिळ्याने आठ भोकं पाडली, बॉलपेनने १ ते ८ आकडे टाकले, आणि जो रॉड जिथला तो तिथेच खोवला. खालच्या टॅपेटवर आणि वरच्या रॉकरवर तो इतकी वर्षं घासून बसलेला असतो. अदलाबदल झाली की दोन्हीकडे नव्याने झीज सुरू. मग प्रत्येक रॉड काचेच्या तुकड्यावर लोळवून बघितला. सहावा रॉड लोळताना किंचित लंगडत होता. काचेखालून टॉर्च धरल्यावर मलाही त्याच्याखालून उजेड येताना-जाताना दिसला. तो बदलला.

रॉकरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण ते बहुतेक ठिकाणी कोणी करतच नाही. रॉकरचं जे टोक व्हॉल्व्हवर आपटतं, तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने व्हॉल्व्हच्या दांड्याएवढा खळगा पडतो. फीलर गेजची सपाट पाती त्या खळग्याच्या दोन काठांवर टेकते, आत शिरत नाही. पातीला १५ थाऊ लागतं, खरी फट असते त्यापेक्षा जास्त. म्हणजे माणूस प्रामाणिकपणे मोजतो आणि तरी टॅपेट वाजतच राहतो. मग कंटाळून तो कसत जातो. चाचांनी रॉकर उन्हात धरून म्हटलं, "ताई, आठे दखा." नखाने चाचपलं तर काठ नखाला अडकत होता. चारपाच रॉकर त्यांनी बारीक दगडावर मूळ गोलाई राखून घासले. कडक केलेला थर पातळ असतो, म्हणून फार खोल जायचं नाही. दोन रॉकर वाचण्यापलीकडे गेले होते, ते बदलले. रॉकर शाफ्टलाही खालच्या बाजूने झिजून पायऱ्या पडल्या होत्या, तिच्या आतला मार्ग ऑईलच्या काळ्या गाळाने जवळपास भरला होता. टोकाचा प्लग काढून तार घातली तेव्हा जो लगदा बाहेर आला, तो बघितल्यावर वरच्या भागाला ऑईल कसं मिळत होतं याचंच आश्चर्य वाटलं. शाफ्ट नवीनच टाकली.

हेड उलटं केल्यावर जळालेला व्हॉल्व्ह समोर आला. कडेला चण्याच्या डाळीएवढा भाग गायब, आणि तिथून बाहेरच्या बाजूला पांढुरका पट्टा. शेजारच्या चौथ्या व्हॉल्व्हची सीटही हेडमध्ये थोडी खोल गेली होती. याचं मूळ पेट्रोलमध्ये आहे. जुन्या पेट्रोलात शिसं असायचं, आणि ते जळताना एक्झॉस्टच्या सीटवर एक पातळ थर बसायचा, तो व्हॉल्व्ह आणि सीट यांना एकमेकांना चिकटू द्यायचा नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. हवेच्या आणि मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने ते शंभर टक्के योग्य झालं. मात्र ज्या इंजिनांची सीट थेट बिडाच्या हेडमध्येच कापलेली आहे, तिथे जास्त ताणावर व्हॉल्व्ह दर ठोक्याला सीटचे कण उचलतो आणि हळूहळू आत रुतत जातो. व्हॉल्व्ह आत रुतला की त्याची शेपटी वर येते, आणि टॅपेटची फट कोणी हात न लावता आपोआप कमी होते. आधीच कसलेले टॅपेट आणि त्यात रुतलेली सीट, असा दुहेरी मार आमच्या गाडीला बसला होता.

यावरचा इलाज म्हणजे चारही एक्झॉस्टना कडक धातूच्या सीट रिंगा. हे काम चाचा स्वतः करत नाहीत. हेड अवधानच्या एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये जातं, पण चाचा सोबत जातात आणि तिथे बसून राहतात. हेडमध्ये रिंगेपेक्षा किंचित लहान भोक बोअर करायचं, रिंग बर्फात गारठवून आखडून घ्यायची, हेड तापवायचं आणि ती एका दमात बसवायची. दोन्हींचं तापमान सारखं झालं की रिंग कायमची जखडते. प्रसरण-आकुंचनाचा धडा मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. आता वर्गात या हेडचा फोटो दाखवते. इनलेटच्या सीटला ताज्या थंड मिश्रणाचा गारवा मिळतो, त्यामुळे तिथे रिंगा घालायची गरज नाही असं चाचांनी आपणहून सांगितलं. सरसकट आठ रिंगा लावून बिल वाढवणं त्यांना सहज जमलं असतं.

निळ्या धुराचं कारण गाईडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीत, होतं. घाट उतरताना अॅक्सिलरेटर सोडलेला असतो, मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ तयार होते, आणि गाईड झिजलेली असेल तर वरचं ऑईल इनलेट व्हॉल्व्हच्या दांड्याच्या कडेने आत खेचलं जातं. खाली येऊन पाय दिला की ते जळतं. व्हॉल्व्ह थोडा वर उचलून डावी-उजवीकडे हलवला तेव्हा तो सरळसरळ डुलत होता. दांड्यावरच्या रबरी रिंगाही उष्णतेने कडक होऊन तुटल्या होत्या. गाईड नवीन, रबरं नवीन, आणि गाईड बसवल्यानंतर सीट पुन्हा कापली, कारण गाईड बदलली की मध्य हलतो. हा क्रम चुकवणारी ठिकाणं आहेत, म्हणून विचारून घ्या: गाईड आधी, सीट नंतर.

लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं, मात्र चाचा कोणाला करू देत नाहीत. व्हॉल्व्हला पेस्ट लावून, रबरी चोखणीची काठी दोन्ही तळहातांत धरून अर्धा-अर्धा वळसा मागे-पुढे, मधून व्हॉल्व्ह उचलून जागा बदलायची. ताज्या कापलेल्या सीटला हे थोडंच लागतं. ते झाल्यावर त्यांनी माझ्या पर्समधली पेन्सिल मागून घेतली, व्हॉल्व्हच्या तोंडावर आडव्या रेघा मारल्या, व्हॉल्व्ह सीटवर ठेवून पाव वळसा दिला आणि उचलून दाखवला. एकूण एक रेघ तुटलेली होती. एक जरी अखंड राहिली असती तर तिथे व्हॉल्व्ह टेकत नाही असा अर्थ. शेवटी स्प्रिंगा आणि लॉक बसवून, प्लग लावून, हेड उलटं ठेवून खळग्यांत पेट्रोल ओतलं आणि आम्हाला चहाला पिटाळलं. परत आलो तेव्हा पोर्टमध्ये बोट घालून बघायला सांगितलं. कोरडं ठक्क.

खालच्या टॅपेटांपर्यंत या इंजिनात कॅमशाफ्ट न काढताही पोचता येतं. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड बाजूला केले की ब्लॉकच्या कडेला दोन झाकणं आहेत, त्यांतून टॅपेट वर उचलून निघतात. आमचे ठीक होते. तळ गुळगुळीत, खळगा नाही. ते तसेच, आपापल्या जागी परत गेले. याच संदर्भात ऑईलचा मुद्दा निघाला. या जातीचे सपाट टॅपेट कॅमवर घासत चालतात, आणि त्यांना ऑईलमधलं जस्त-फॉस्फरसचं द्रव्य लागतं. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ते सोसत नाही, म्हणून नव्या पेट्रोल ऑईलमध्ये ते कमी केलंय. तेव्हा महागडं, पातळ, आधुनिक ऑईल या इंजिनात घालून लाड करू नका. चाचा २०डब्ल्यू-५० जाडीचं, जुन्या पद्धतीचं ऑईल घालतात आणि डब्यावरची श्रेणी स्वतः वाचून घेतात.

हेड बसवताना मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. मग टॅपेट सेटिंग, आणि ते बघून माझ्यातली गणिताची बाई खूश झाली. प्लग काढून पुढच्या बंपरमधून हँडल घालायचं आणि इंजिन सावकाश फिरवायचं. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिल्याची फट लावायची. सहावा दाबलेला असेल तर तिसऱ्याची, चौथा असेल तर पाचव्याची, सातवा असेल तर दुसऱ्याची. मग पहिला असेल तर आठव्याची, आणि असंच पुढे. दोन्ही आकड्यांची बेरीज कायम नऊ. कारण सोपं आहे: पहिला आणि चौथा सिलिंडर, तसेच दुसरा आणि तिसरा, यांच्यात क्रँकची पूर्ण एक फेरी, म्हणजे कॅमशाफ्टची अर्धी फेरी असते. एकाचा कॅम पूर्ण वर असतो तेव्हा जोडीदाराचा कॅम बरोबर उलट्या अंगाला, पाठ करून असतो, आणि फट मोजायची ती पाठ टॅपेटखाली असतानाच. हँडल नानांनी फिरवलं. मी आकडा सांगायची, चेला थांबा म्हणायचा, चाचा पाती घालायचे. पाती किंचित ओढ घेऊन सरकली पाहिजे. लॉकनट कसताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून कसल्यावर पुन्हा पाती घालून बघायची. त्यांनी एकूण एक व्हॉल्व्हला हे केलं, आणि नंतर गाडी पारोळा रोडवर पिटाळून, गरम करून आणून, परत आठही मोजले.

काम इथे संपत नाही, आणि या गॅरेजला माझे पैकीच्या पैकी गुण याच गोष्टीसाठी. साधारण ५०० किलोमीटर झाल्यावर गाडी परत आणा, असं त्यांनी चावी देतानाच सांगितलं. नवं गॅस्केट दबतं, हेडचे नट पुन्हा कसावे लागतात. हेड खाली बसलं की पुश रॉड तुलनेने लांब पडतो आणि टॅपेटची फट घटते. त्या खेपेला दोन एक्झॉस्टची फट खरोखर कमी झालेली निघाली. नट कसून टॅपेट पुन्हा लावले, आणि या कामाचे पैसे घेतले नाहीत.

आता उणिवा. वेळेचा भरवसा धरू नका. जुन्या मॉडेलचे गाईड आणि रॉकर धुळ्यात मिळत नाहीत. ते कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटहून येतात, आणि पार्सल येईपर्यंत गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असते. मधल्या काळात काय चाललंय ते फोन करून कळवायची पद्धत नाही, आपणच विचारायचं. छापील बिल मिळत नाही, वहीच्या पानावर हिशेब मिळतो. ज्यांना विम्यासाठी किंवा ऑफिससाठी बिल लागतं त्यांनी आधी बोलून घ्यावं. बसायला जागा म्हणजे जुन्या बसची एक सीट, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी त्या पत्र्याखाली वयस्कर माणसाला नेऊ नये. रॉकर कव्हरचं बुचाचं पॅकिंग पहिल्या आठवड्यात पाझरलं, ऑईल एक्झॉस्टवर पडून जळका वास यायला लागला. चाचांनी ते बदललं, वादावादी झाली नाही. पण एवढं नाजूक काम केल्यावर कव्हरचा पत्रा सपाट आहे का ते तेव्हाच बघायला हवं होतं.

खर्च सुटे भाग, मशीन शॉप आणि मजुरी धरून १८ हजारांच्या आत बसला. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत दिला. जळालेला व्हॉल्व्ह आता आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे.

गाडीचं म्हणाल तर आयडलवर बोनेटवर ठेवलेल्या ग्लासातलं पाणी हलतं पण सांडत नाही, लळिंगच्या चढावर तिसरा गिअर पुरतो, धूर गेला. आणि टिकटिक आहे. बारीक, एकसारखी, आठही सारख्याच. नाना काच खाली करून ती ऐकत बसतात.

ज्यांची अॅम्बॅसिडर डिझेल आहे किंवा नंतरच्या इसुझू इंजिनाची आहे, त्यांना या अनुभवाचा थेट उपयोग नाही; तिथली बांधणी वेगळी. पद्मिनीवाल्यांनी विचारून बघावं. मी तिथे असताना एक पद्मिनी हेड उघडून उभी होती आणि तिचेही पुश रॉड असेच खोक्यात खोवलेले होते. शुक्रवारी दुपारी गॅरेज बंद असतं; आणि आधी कोणी टॅपेटला हात लावला असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा, चाचा तोच प्रश्न आधी विचारतात.